मिठागरातील अमीबा ही नवी जात आहे, हे ठरवायचे कसे?

रायगड जिल्ह्यातील एका मिठागरातून मार्च महिन्यात घेतलेल्या पाण्यात एका पदव्युत्तर विद्यार्थिनीला साधारण वीस मायक्रोमीटर लांबीचा, गोगलगायीसारखा पुढे सरकणारा अमीबा दिसला. त्या पाण्यात दर लिटरला दोनशे ग्रॅमहून अधिक मीठ होते. तिने मला लिहिलेल्या पत्रात तीन प्रश्न आहेत, आणि पुढचे उत्तर तिलाच उद्देशून आहे. हा जीव तिथलाच आहे, की भरतीच्या पाण्याबरोबर आत येऊन कसाबसा तग धरून राहिला आहे? उपलब्ध आकृत्यांपैकी एकीशीही तो जुळत नाही, म्हणून त्याला नवी जात म्हणता येईल का? आणि म्हणता आले, तर पुढे काय करायचे?

उत्तराआधी शब्दांचा एक खुलासा आवश्यक वाटतो. वर्तमानपत्रांत आणि बोलण्यात ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास वापरला जातो, परंतु मराठी विज्ञानलेखनातील जुन्या प्रघाताप्रमाणे ‘प्रजाती’ हा वरचा गट असून ‘जाती’ हा त्यातील एकक आहे. मी तोच प्रघात पाळतो, कारण पुढे या दोन पायऱ्यांमधला फरक वारंवार येणार आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळणार नाही, ते मिठाच्या मात्रेत शोधावे लागेल. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मिठागरात हे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत आटवले जाते, तेव्हा आधी चुन्याचे क्षार खाली बसतात, मग जिप्सम, आणि मूळ पाण्याच्या सुमारे दहापट घट्ट झाल्यावर मीठ पिकू लागते. म्हणजे तुमच्यासमोर निसर्गाने आणि आगऱ्यांनी मिळून मांडलेली लवणतेची एक उतरंडच आहे. कोणता अमीबा कोणत्या वाफ्यात दिसतो, ही नोंद कोणत्याही छायाचित्राइतकीच मोलाची असते. म्हणून एकाच वाफ्यातून दहा बाटल्या भरण्यापेक्षा दहा वाफ्यांतून एकेक बाटली भरावी आणि प्रत्येक बाटलीवर लवणता, तापमान, वेळ व वाफ्याची जागा तिथेच लिहावी. लवणता प्रयोगशाळेत परतल्यावर मोजू, असे ठरवून निघालेले लोक मी पाहिले आहेत. वाटेत बाटलीच्या तळाशी स्फटिक जमतात आणि मग मोजलेला आकडा त्या वाफ्याचा राहत नाही.

‘दिसला’ आणि ‘जगतो’ यांत मोठे अंतर आहे. अनेक अमीबा प्रतिकूल काळात स्वतःभोवती जाड भिंत उभारून पुटी बनतात आणि समुद्रातून आलेली अशी पुटी तीव्र खाऱ्या पाण्यात दीर्घकाळ टिकू शकते. पुढे कोणी तो नमुना सौम्य माध्यमात, म्हणजे पेशी वाढवण्यासाठीच्या कमी खाऱ्या पाण्यात, टाकला की पुटी फुटते, अमीबा बाहेर येतो आणि ‘मिठागरातील नवा अमीबा’ म्हणून त्याची नोंद होते. हे टाळण्याचा मार्ग सरळ असला तरी वेळखाऊ आहे. एकाच पेशीपासून वाढवलेले संवर्धन दर लिटरला ३५, ७५, १००, १५०, २००, २५० आणि ३०० ग्रॅम क्षार असलेल्या माध्यमांत वेगवेगळे ठेवावे, प्रत्येकातून ताज्या माध्यमात लागोपाठ तीन-चार वेळा रोप द्यावे, म्हणजे थोड्या पेशी हलवाव्यात, आणि पेशींची संख्या दर वेळी खरोखर वाढते का, हे मोजावे. केवळ हलणाऱ्या पेशी दिसणे पुरेसे नाही. समुद्राच्या पाण्यातही वाढणारा पण मीठ सोसणारा जीव लवणसहिष्णू, आणि समुद्राचे पाणीच ज्याला अपुरे पडते तो लवणप्रिय. हा भेद वर्णनातील शेवटची ओळ म्हणून उरकू नये, तो जातीच्या ओळखीचा भाग आहे.

माध्यमासाठी स्वयंपाकघरातील आयोडीनयुक्त मीठ वापरू नये. त्यात आयोडीनखेरीज गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थही असतात. नुसते शुद्ध सोडियम क्लोराइड पाण्यात विरघळवणेही पुरेसे नसते, कारण आटलेल्या समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि सल्फेट यांचे जे प्रमाण असते त्यावर या पेशींचे चलनवलन अवलंबून असते. मी त्याच मिठागराचे पाणी बारीक गाळणीतून गाळून वापरणे पसंत करतो आणि तुलनेसाठी मोजून केलेले कृत्रिम माध्यम जोडीला ठेवतो. अन्नाचीही अडचण येते. गोड्या पाण्यातील अमीबांना प्रयोगशाळेत जे जिवाणू खाऊ घालतात ते इतक्या मिठात वाढत नाहीत. म्हणून त्याच नमुन्यातील लवणप्रिय जिवाणू किंवा आर्किया (जिवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या वंशाचे सूक्ष्मजीव) आधी वेगळे वाढवून ते अन्न म्हणून द्यावे लागतात. गव्हाचा एक उकळलेला दाणा माध्यमात टाकला, तर त्याभोवती जिवाणू हळूहळू वाढत राहतात आणि संवर्धन अनेक आठवडे शांतपणे चालते.

आता आकाराकडे वळू. अमीबाला ठरावीक आकार नसतो, असे शाळेत शिकवले जाते. या क्षेत्रात काम करणाऱ्याला ते वाक्य विसरावे लागते. मोकळेपणाने चालणाऱ्या प्रत्येक अमीबाला त्याच्या जातीची चाल असते. कोणी पंख्यासारखा पसरतो, कोणी एकाच दिशेने वाहणाऱ्या लांबट थेंबासारखा सरकतो, कोणाच्या कडेने बोटांसारखे छद्मपाद निघतात, तर कोणाच्या पुढच्या टोकाला पारदर्शक फुगवटा एकाएकी उसळतो आणि मग सबंध पेशी त्यात ओतली जाते. तुम्ही वर्णिलेली चाल यांपैकी शेवटची असावी, असे मला वाटते. मात्र ती पेशी काचेवर टेकून स्थिरस्थावर झाल्यावरच पाहायला हवी. नमुना काचेवर घेतल्याक्षणी पेशी गोळा होतात किंवा चारी बाजूंनी किरणांसारखे फाटे काढून तरंगतात. ते रूप पाहून जात ठरवणे म्हणजे झोपलेल्या माणसाची चाल वर्णन करणे होय. शिवाय तीव्र खाऱ्या पाण्याचा थेंब दिव्याच्या उष्णतेने झपाट्याने आटतो, आच्छादक काचेच्या कडेला स्फटिक दिसू लागतात आणि त्या क्षणापासून तुम्ही वेगळ्याच लवणतेतील पेशी पाहत असता. काचेच्या कडा व्हॅसलीनने बंद कराव्यात.

लवणता बदलली की रूपही बदलते. गोड्या पाण्यातील अमीबा आत शिरणारे जादा पाणी संकोची रिक्तिकेने बाहेर टाकतो. समुद्रातील बहुतेक अमीबांत ती दिसत नाही आणि तीव्र खाऱ्या पाण्यात तिची गरजच नसते. म्हणून ‘संकोची रिक्तिका नाही’ हे लक्षण लिहिताना ते कोणत्या लवणतेत पाहिले हे लिहिले नाही, तर त्या लक्षणाला अर्थ उरत नाही. आमच्याकडे एकदा दोन संवर्धने कित्येक महिने दोन वेगवेगळ्या जाती म्हणून सांभाळली गेली. एकातील पेशी रुंद व चपट्या होत्या, दुसऱ्यातील अरुंद व चपळ. डीएनएचा क्रम आल्यावर कळले की त्या एकाच वाफ्यातील एकाच जीवाच्या पेशी होत्या आणि फरक माध्यमातील मिठाचा होता. तेव्हापासून प्रत्येक मोजमाप किमान तीन लवणतांत आणि प्रत्येकी निदान पन्नास पेशींवर घेतल्याशिवाय मी पुढे जाऊ देत नाही.

आकाराहून भक्कम वाटणारी लक्षणेही फसवू शकतात. व्हॅनेला आणि प्लॅटिअमीबा या पंख्यासारख्या अमीबांच्या दोन प्रजाती दीर्घकाळ वेगळ्या मानल्या जात होत्या, आणि त्यांतील भेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा होता: व्हॅनेलाच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म खुंट्यांसारख्या रचना असतात, प्लॅटिअमीबावर त्या नसतात. कॅलिफोर्नियातील सॉल्टन सी हे समुद्राहून खारे असलेले अंतर्गत सरोवर आहे. तिथे सापडलेल्या आणि मिठाचा फार मोठा पल्ला सोसणाऱ्या एका अमीबाचे २००१ मध्ये प्लॅटिअमीबा स्युडोव्हॅनेलिडा या नावाने वर्णन झाले, ते याच भेदाच्या आधारावर. पुढे २००७ मध्ये अलेक्सी स्मिर्नोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय क्रमांवरून दाखवले की या खुंट्या एकाच कुळात वेगवेगळ्या वेळी नाहीशा झाल्या आहेत, आणि प्लॅटिअमीबा ही प्रजाती व्हॅनेलात विलीन करण्यात आली. म्हणजे वर्णन काळजीपूर्वक केले होते, जीवही खरा होता, पण ज्या लक्षणावर प्रजातीची भिंत उभी होती ते लक्षण भार पेलणारे नव्हते.

तुमच्या अमीबाच्या बाबतीत मात्र मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी शक्यता, आणि तिच्यावर थोडे थांबायला हवे. एकाएकी उसळणारे छद्मपाद असलेले अमीबा बहुधा हेटेरोलोबोसिया या गटातील असतात. हा वर्ग पेज आणि ब्लॅंटन यांनी १९८५ मध्ये मांडला. नाव आणि रूप अमीबाचे असले तरी शाळेत शिकलेल्या अमीबा प्रोटिअसशी त्यांचे नाते दूरचे आहे. ते युग्लिनाच्या बाजूचे आहेत, आणि त्यांच्या तंतुकणिकांच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांच्या, आतील घड्या चपट्या असतात, तर प्रोटिअसच्या गटात त्या नळ्यांसारख्या असतात. या गटाचे वैशिष्ट्य असे की त्यातील अनेक जीव दोन देहांत राहतात: आज सरपटणारा अमीबा, उद्या कशाभिका, म्हणजे चाबकासारखे लांब तंतू, फुटलेला पोहणारा जीव, आणि संकटात पुटी.

तीव्र खाऱ्या पाण्यातील हेटेरोलोबोसियांचे आजचे ज्ञान बरेचसे कोरियातील मिठागरांमधून आले आहे. जाँग सू पार्क, अ‍ॅलिस्टर सिम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या, दर लिटरला सुमारे ३०० ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यातून आधी प्ल्यूरोस्टोमम फ्लॅबेलाटम हा जीव पुन्हा शोधला. याकोबा रुइनेन यांनी १९३८ मध्ये त्याचे वर्णन केले होते, पण तो नेमका कोणत्या कुळातला हे जवळजवळ सत्तर वर्षे कोणालाच ठरवता आले नव्हते. तो पोहणारा, कशाभिकाधारी जीव, आणि २००७ मध्ये त्याची जागा हेटेरोलोबोसियात निघाली. दोन वर्षांनी त्याच प्रकारच्या पाण्यातून यूप्लेसिओबिस्ट्रा हायपरसॅलिनिका आणि टुलामीबा पेरोनाफोरा या दोन नव्या प्रजातींतील नव्या जातींचे वर्णन झाले. त्यांतील टुलामीबा हा सरपटणारा अमीबा जनुकीय क्रमांवरून काढलेल्या वंशवृक्षावर पोहणाऱ्या प्ल्यूरोस्टोममशेजारीच जाऊन बसला. त्यानंतर २०१५ मध्ये वर्णिलेली टुलामीबा ब्युसिना ही जात अमीबा आणि कशाभिकाधारी अशा दोन्ही रूपांत राहणारी निघाली. आणखी एक उदाहरण फॅरिंगोमोनास किर्बी या लवणप्रिय जीवाचे आहे. हेटेरोलोबोसियाच्या वृक्षाची ही अगदी खालची, जुनी फांदी. २०११ मध्ये त्याचे वर्णन झाले ते कशाभिकाधारी म्हणून, आणि या फांदीतील अमीबा अवस्था प्रकाशात आल्या २०१३ मध्ये.

याचा तुमच्यासाठी अर्थ असा की, तुम्हाला दिसलेला अमीबा नवा नसून, दुसऱ्या कोणी पोहणाऱ्या रूपात आधीच नाव दिलेल्या जीवाचे सरपटणारे रूप असू शकतो. म्हणून तुलना केवळ अमीबांच्या आकृत्यांशी करून चालणार नाही. खाऱ्या पाण्यातील कशाभिकाधारींची जुनी वर्णनेही काढून वाचावी लागतील. संवर्धनात दुसरे रूप दिसते का, हेही तपासावे. निग्लेरिया या गोड्या पाण्यातील हेटेरोलोबोसियाच्या पेशी ऊर्ध्वपातित पाण्यात टाकल्या की काही तासांत कशाभिका फुटतात, ही प्रयोगशाळेतील नित्याची परीक्षा आहे. ती जशीच्या तशी इथे वापरली, तर तुमच्या पेशी फुटून जातील. लवणता पायरीपायरीने उतरवावी, प्रत्येक पायरीवर दर तासाला पाहावे, आणि उलट दिशेने, सौम्य पाण्यातून घट्ट पाण्याकडेही तोच प्रयोग करावा. कशाभिका दिसल्या नाहीत, तर ‘कशाभिकाधारी अवस्था नसते’ असे न लिहिता ‘या परिस्थितींत दिसली नाही’ असे लिहावे.

डीएनएचा क्रम घेणे आता अपरिहार्य आहे. सुरुवात अठरा-एस या रायबोसोमी जनुकापासून करावी, कारण तुलनेसाठी सर्वांत जास्त क्रम त्याचेच उपलब्ध आहेत. हेटेरोलोबोसियात या जनुकाच्या मध्ये कधी कधी परके तुकडे घुसलेले असतात, त्यामुळे अपेक्षेहून लांब पट्टा आला म्हणजे प्रयोग चुकला असे नव्हे. किती टक्के फरक म्हणजे नवी जात, हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो. सर्व अमीबांना लागू पडेल असा एक आकडा नाही. काही गटांत एकाच पेशीत या जनुकाच्या किंचित वेगळ्या प्रती आढळतात, तर काहींत दोन स्पष्ट वेगळ्या जातींत जेमतेम फरक असतो. जवळच्या ज्ञात जातींच्या आपसांत जेवढा फरक आहे, त्याच्या तुलनेत तुमचा फरक कुठे बसतो, हे पाहावे, आणि एखादे अधिक वेगाने बदलणारे जनुकही जोडीला घ्यावे. निग्लेरियांसाठी रायबोसोमी जनुकांमधले अंतराळ-तुकडे उपयोगी ठरले आहेत, तर व्हॅनेलांसाठी तंतुकणिकेतील सीओआय जनुक.

क्रम कोणाचा आला, याचीही खात्री करावी लागते. संवर्धनात डोळ्यांना न दिसलेला एखादा बारीक कशाभिकाधारी असेल, तर त्याचाच क्रम जोमाने वाढून येतो. पॅरामीबा या समुद्री अमीबांच्या पोटात तर केंद्रकाला लागून पर्किन्सेला नावाचा स्वतंत्र केंद्रकधारी सहजीवी कायमचा राहतो. तिथे एका पेशीतून दोन जीवांचे क्रम निघतात.

याच गटाची कथा जातिनिश्चितीत घाई का नको, हे सर्वांत चांगले सांगते. टास्मानियातील समुद्री पिंजऱ्यांत वाढवलेल्या सॅमन माशांच्या कल्ल्यांना १९८० च्या दशकात अमीबांमुळे होणारा रोग दिसू लागला. आजारी कल्ल्यांवरून घेतलेल्या नमुन्यांतून संवर्धनात वाढत असे निओपॅरामीबा पेमाक्विडेन्सिस, म्हणून जवळपास दोन दशके त्याच जातीला दोषी धरले गेले. पण संवर्धित अमीबा माशांना दिले, तर रोग होत नसे. अखेर २००७ मध्ये कल्ल्यांवरून थेट घेतलेल्या, न वाढवलेल्या अमीबांचे क्रम तपासले गेले आणि तिथे एक वेगळीच जात असल्याचे उघड झाले. तिला निओपॅरामीबा पेरुरान्स हे नाव मिळाले. ती संवर्धनात वाढवून, माशांना देऊन, रोग घडवून दाखवण्यास २०१२ साल उजाडले. पेमाक्विडेन्सिस काचेच्या बशीत सहज वाढत होती, एवढाच तिचा अपराध. म्हणून तुमच्या संवर्धनात वाढलेला अमीबा हाच वाफ्यात सरपटताना दिसलेला अमीबा आहे, याचा पुरावा हवा. ताज्या नमुन्यातील चार-सहा पेशी बारीक काचनळीने एकेक उचलून, न वाढवता, त्यांचा क्रम काढा आणि संवर्धनाच्या क्रमाशी ताडून पाहा. हे काम कष्टाचे आहे, पण मी ते टाळू देणार नाही.

नामकरणाचा भाग तुलनेने सोपा आहे. अमीबांची नावे प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार दिली जातात. १९९९ नंतर प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक नव्या जातीसाठी नावाचा आधार ठरणारा प्ररूप स्पष्टपणे नेमावा लागतो. एकपेशीयांसाठी संहितेने सवलत ठेवली आहे: एका पेशीऐवजी, एकाच वंशातील आणि जीवनचक्राच्या निरनिराळ्या अवस्थांतील अनेक पेशी एकत्रितपणे प्ररूप म्हणून ठेवता येतात. त्यासाठी स्थिरीकृत पेशींची काच जपावी लागते. जिवंत संवर्धन सोबत ठेवावेच, पण ते कधीही मरू शकते. केवळ इलेक्ट्रॉनिक रूपात निघणाऱ्या नियतकालिकात वर्णन प्रसिद्ध होणार असेल, तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीत आधी नोंदणी आवश्यक आहे. वर्णन पूर्ण होण्याआधी नाव मात्र कुठेही छापू नये. फॅरिंगोमोनास किर्बी आधी ‘मॅक्रोफॅरिंगोमोनास हॅलोफिला’ या नावाने लेखनात वावरत होता, पण विधिवत वर्णनाअभावी संहितेच्या दृष्टीने ते नाव नव्हतेच.

आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ नुसार नवा शोधलेला जीव अधिकृत भांडारांना कळवणे आणि त्याचा नमुना तिथे जमा करणे बंधनकारक आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच आहे, तिथे लवकर बोलावे. परदेशी प्रयोगशाळेत संवर्धन पाठवण्यापूर्वीही या कायद्यातील परवानग्या पाहाव्यात, पाठवून झाल्यावर नव्हे.

घरच्यांनी तुम्हाला ‘मेंदू खाणाऱ्या अमीबा’विषयी विचारले, असे तुम्ही लिहिले आहे. निग्लेरिया फाउलेरी ही हेटेरोलोबोसियातीलच असली तरी कोमट गोड्या पाण्यात राहणारी जात आहे, समुद्राच्या पाण्यात ती राहत नाही. तरीही अनोळखी अमीबाचे संवर्धन हाताळताना हातमोजे आणि नेहमीची शिस्त असावी, आणि ३७ अंशांना तो वाढतो का, ही चाचणी वर्णनात द्यावी. लोणारच्या सरोवरातून नमुने घेण्याचा तुमचा विचार चांगला आहे, पण तो वेगळा प्रकल्प समजावा. तिथले पाणी सोडियम कार्बोनेटमुळे अल्कधर्मी आहे, त्यामुळे मिठागरातील माध्यम तिथल्या जीवांना चालणार नाही, आणि ते अभयारण्य असल्याने वनविभागाची परवानगी आधी हवी.

त्यापूर्वी या मिठागरातले एक काम राहते. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की काही दिवसांत वाफ्यांतले पाणी वरून सौम्य आणि तळाशी घट्ट, असे थरांत विभागते. प्रयोगशाळेत आपण लवणता उतरवतो, तशीच ती तिथे आपोआप उतरते. त्या आठवड्यात वरच्या आणि खालच्या थरांतून वेगवेगळे नमुने घ्या, आणि दोन तासांच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली पोहणाऱ्या पेशी शोधा.